एक विचार, एक संदेश

गेल्या हंगामात कापसाची पहिली वेचणी सुरू झाली त्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी नऊ वाजून बावीस मिनिटांनी, वडनेरच्या एका निवृत्त लाइनमनने ‘जुनी लाईन’ हा आमचा मोबाईलवरचा ग्रुप सोडला. त्याआधी चार मिनिटे ग्रुपच्या अ‍ॅडमिनने त्यांना सर्वांसमोर चौथ्या नियमाची आठवण करून दिली होती. हे अ‍ॅडमिन म्हणजे माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार आंजी (मोठी). मोबाईलवर चारचौघांत कसे बोलावे याचा त्यांच्याइतका विचार केलेला दुसरा माणूस वर्धा जिल्ह्यात नाही. जिल्ह्याबाहेर असलाच, तर त्याने त्यापायी एसटीच्या एवढ्या गाड्या बदललेल्या नाहीत, हे मी खात्रीने लिहितो.

भाऊजी दूरध्वनी खात्यात होते. ट्रंक कॉलच्या काळात ते वर्ध्याच्या एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसत आणि दर तीन मिनिटांनी बोलणाऱ्यांना विचारत, “तीन मिनिटे झाली, वाढवायचे का?” त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरचे लोक वेळ संपली की लाइन तोडत. भाऊजी आधी वाक्य संपू देत. एकदा पुलगावचे एक गृहस्थ मुलीच्या सासऱ्यांची समजूत काढत होते आणि वाक्य काही संपेना. भाऊजींनी त्यांना अकरा मिनिटे दिली आणि वर साहेबांना लेखी खुलासा दिला : ‘वाक्य चालू होते.’ पुढे ट्रंक कॉल गेले, खुर्ची गेली, भाऊजी तक्रार खिडकीवर बसू लागले आणि तिथून निवृत्त झाले. ‘जुनी लाईन’ हा त्या खात्यातल्या जुन्या माणसांचा ग्रुप. त्या मंगळवारपर्यंत त्यात एकशे चाळीस जण होते. मी खात्यातला नाही. एका दैनिकात इतरांच्या बातम्या तपासण्यात माझा नोकरीचा काळ गेला. साळा म्हणून मला घेतले आहे, आणि ताईच्या मते साक्षीदार म्हणून.

ग्रुपला सुरुवातीला नियम नव्हते. ते एका हारामुळे आले. आर्वीच्या एका माजी सुपरवायझरांचा पंचाहत्तरीचा सत्कार झाला आणि त्यांच्या सुनेने हार घातलेला त्यांचा फोटो ग्रुपवर टाकला, पण खाली काही लिहिले नाही. तासाभरात चोवीस जणांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. एकाने तर त्यांच्या शांत स्वभावाच्या दोन आठवणीही लिहिल्या. पंचविसावा संदेश खुद्द सुपरवायझरांचा होता : ‘आभारी आहे.’ भाऊजी दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आखीव कागदावर निळ्या शाईने सतरा नियम लिहिले, त्याचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तो फोटो सकाळी आठ वाजता येतो. जुना पाठवून चालत नाही. भाऊजी कागद नव्याने लिहितात.

पहिला नियम नमस्काराचा आहे. ग्रुपात कोणी राम राम म्हणतो, कोणी जय भीम, कोणी जय सेवा. ज्याने ज्या शब्दांत नमस्कार केला त्याला त्याच शब्दांत उत्तर द्यावे, असा तो नियम. त्यामुळे भाऊजींची सकाळ या तिन्ही नमस्कारांत जाते आणि चहा गार होतो. दुसरा नियम मृत्यूच्या बातमीचा : घरच्या माणसाशी फोनवर बोलल्याशिवाय लिहू नये. हा नियम मला मनापासून पटला. आमच्या कचेरीतही तो होता, पण भिंतीवर लिहिलेला नव्हता. तिसरा असा की, जे स्वतः शेवटपर्यंत पाहिले किंवा वाचले नाही ते पुढे पाठवू नये. या नियमाची भाऊजी तोंडी परीक्षा घेत. पुलगावच्या एका निवृत्त कारकुनांनी गुडघेदुखीवरच्या काढ्याचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला, तेव्हा मी भाऊजींच्या ओसरीवरच होतो. त्यांनी लगेच फोन लावला.

“पाह्यला का पूर्ण?”

“हो, पाह्यला ना.”

“शेवटी काय सांगतलं त्यानं?”

“शेवटी... शेवटी धन्यवाद म्हणलं.”

“त्याच्या आंधी?”

पलीकडे काढ्याचा व्हिडिओ पुन्हा सुरू झाल्याचे ऐकू आले. मग भाऊजी म्हणाले, “अडतिसाव्या मिनिटाले तो म्हणून राह्यला का बीपीवाल्यानं हा काढा घेऊ नये. तुमाले बीपी आहे ना?”

“आहे.”

“घेतला का?”

“दोन रोज झाले.”

“बंद करजो. अन् डॉक्टरले दाखवजो.”

पण भाऊजींचे नाव जिल्ह्यात झाले ते सातव्या नियमामुळे. कोणाची चूक झाली तर ती ग्रुपवर दाखवू नये, त्याच्या घरी जाऊन सांगावी, असा हा नियम आहे आणि तो अमलात आणण्याचे काम अ‍ॅडमिनकडे आहे. देवळीच्या एका गृहस्थांनी रागाच्या भरात कोणाला तरी एक ओळ जास्त लिहिली. भाऊजी पिशवी घेऊन देवळीला गेले. पद्धत ठरलेली. आधी चहा, मग पाऊसपाणी, मुलांचे शिक्षण, तब्येत. ग्रुपचे नाव निघत नाही. यजमान बुचकळ्यात पडलेले असतात, कारण हा माणूस कशासाठी आला आहे हे त्यांना पक्के ठाऊक असते. मग भाऊजी उठतात, दारात चपला घालतात आणि खाली वाकलेले असतानाच म्हणतात, “त्या बुधवारच्या मेसेजात शेवटची ओळ नसती तं बरं झालं असतं.” आणि निघतात. मी एकदा कारण विचारले. ते म्हणाले, “साळेबुवा, बसून सांगतलं तं माणूस भांडते. चपला घालता घालता सांगतलं तं म्हणते, सांभाळून जाजा.”

या पद्धतीचे काही परिणाम त्यांच्या लक्षात आले नव्हते. आंजीपासून बऱ्याच अंतरावर, सेलूकडे, त्यांच्या काळातल्या एक ऑपरेटरबाई एकट्या राहतात. मुलगा परदेशी आहे. बाई दर सोमवारी ग्रुपवर गुलाबाचे फूल आणि सुप्रभात टाकत. नवव्या नियमाने ते बंद आहे. भाऊजी दर आठवड्याला जात, चपला घालताना सांगत, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा गुलाब येई. “बाईच्या ध्यानातच राहत नाई,” असे ते काळजीने म्हणत. ताईने एके दिवशी पोळी लाटता लाटता सांगितले, “तिच्या ध्यानात सारं राहते. तुमच्या डोक्यात काई शिरत नाई. ती फूल टाकते म्हून तुमी जाता, अन् तुमी जाता म्हून ती फूल टाकते.” भाऊजींनी यावर विचार केला. नियम नऊ तसाच राहिला आणि सोमवारची गाडीही.

आता वडनेरच्या गृहस्थांविषयी. ते लाइनमन होते. भाऊजींची आणि त्यांची ओळख तारेवरच झाली. ते कुठल्या तरी शिवारात खांबावर चढत, तारेला टेस्ट फोन जोडत आणि भाऊजींना हाक मारत. दोन वर्षे दोघांनी एकमेकांना पाहिले नव्हते. आवाज वरून येतो म्हणून भाऊजींनी मनाशी उंच माणूस धरला होता. पहिल्या भेटीत समोरचा खांद्याएवढा निघाला, तेव्हा त्यांनी त्याच्या मागे कोणी उभे आहे का ते पाहिले. लाइनमननेही त्यांना ऐकवले, “एवढा गोड आवाज, मले वाटलं बाई असन.” त्यानंतर दोघांच्या लग्नांत, बारशांत, बदल्यांत, आजारपणांत दोघेही होते. ग्रुप काढायची कल्पना लाइनमनची होती. भाऊजींनी नियम आणले.

लाइनमनना एक सवय होती. ते एक शब्द लिहीत आणि पाठवत. दुसरा लिहीत आणि पाठवत. त्यांच्या एका वाक्यासाठी एकशे चाळीस फोन आठ वेळा वाजत. चौथा नियम, ‘एक विचार, एक संदेश’, हा अशाच लोकांसाठी केला होता, आणि भाऊजी त्यासाठी रीतसर वडनेरला जाऊनही आले होते. चपला घालताना सांगितले. लाइनमन हसले आणि म्हणाले, “अबे, खांबावर होतो तवा लाइन कवा तुटन याचा नेम नोयता. म्हून एक शब्द झाला का तो आंधी पाठवून देयाचा. आता हाताले तेच लागलं.” भाऊजींनी ते ऐकून घेतले आणि त्यांच्यापुरता चौथा नियम चार वर्षे गुमान बाजूला ठेवला. असे त्यांनी आणखी कोणासाठी केल्याची नोंद माझ्याकडे नाही.

त्या मंगळवारचे संदेश माझ्या फोनमध्ये आहेत. लाइनमनची पत्नी त्याआधीच्या उन्हाळ्यात गेली होती. पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला आमच्याकडे सीतादही म्हणतात. त्यांच्या घरी ती दरवर्षी पत्नी करीत असे. सकाळी नऊ अकराला लाइनमननी लिहिले : ‘आज’. मग ‘सीतादही’. मग ‘केली’. नऊ चौदाला ‘एकट्यानंच’. नऊ पंधराला ‘तिनं’. नऊ सोळाला ‘जाता जाता’. नऊ सतराला ‘मले’. नऊ अठराला अ‍ॅडमिनचा संदेश आला : ‘नियम चौथा. एक विचार, एक संदेश. कृपया सर्वांनी पाळावा.’ त्यानंतर चार मिनिटे ग्रुपवर काहीच आले नाही. नऊ बावीसला लाइनमननी ग्रुप सोडल्याची ओळ आली.

भाऊजी त्या वेळी वर्ध्याच्या बसस्थानकावर उभे होते. आदल्या दिवशी खिशातल्या फोनने अनोळखी निरोपांनी वाजून वाजून त्यांना वैताग आणला होता. त्या सकाळी तो सात वेळा वाजला, त्यांनी काढला, नाव पाहिले, सात आकडा पाहिला आणि लिहिले. वाचले नव्हते. गाडीत बसल्यावर वाचले. देवळीला जायचे होते ते न जाता घरी परत आले आणि ताईला फोन दाखवला. ताई म्हणाली, “ज्याच्या त्याच्या घरी जाऊन गुळगुळीत बोलता. अन् याच्यावर उभ्या उभ्या ओरडले?” भाऊजी नंतर मला म्हणाले, “परक्याकडे तीन गाड्या बदलून गेलो. हा आपलाच होता, म्हून गेलो नाई.” यापेक्षा जास्त खुलासा त्यांनी आजवर दिलेला नाही.

त्याच रविवारी आम्ही दोघे वडनेरला गेलो. आंजीहून वर्धा, वर्ध्याहून हिंगणघाट, हिंगणघाटहून वडनेर. लाइनमननी हसून स्वागत केले. सुनेने चहा केला. पाऊस, बोंडअळी, माझा चष्मा, भाऊजींची पाठ, सगळे झाले. भाऊजी उठले, दारापर्यंत गेले, चपलांकडे पाहिले, आणि परत येऊन खाटेवर बसले. असे करताना मी त्यांना प्रथमच पाहत होतो.

“ग्रुपात ये,” ते म्हणाले.

“काऊन?”

“माफी मागाची आहे.”

“मंग माग ना. मी काय मुंबईले बसलो? समोरच तं आहो.”

“इथं नाई. एकशे चाळीस लोकायसमोर बोललो, तेवढ्यायसमोरच मागीन. नियम अकरा.”

“तं तिथं माग. मी कुठं नाई म्हणलं?”

“तू तिथं नाई तं कोणाले मागू? ज्याची मागाची तो हजर पायजे. तेबी अकरातच आहे.”

“असा नियम कोण्या येड्यानं लिवला बे?”

“मी.”

“मंग खोड.”

“आपल्या सोयीसाठी नियम खोडता येत नाई. नियम सतरा.”

आत सुनेने तोंडाला पदर लावला. लाइनमन माझ्याकडे वळले. “पाहा पेपरवाले, हा असा आहे. चाळीस वर्सं झाली.” मग भाऊजींना म्हणाले, “तू पहिले माग, मंग येतो.” भाऊजी म्हणाले, “तू पहिले ये, मंग मागतो.” हे त्यांनी तीनदा एकमेकांना सांगितले. दोघेही हसत होते. मग भाऊजींचे हसू थांबले आणि त्यांनी विचारले, “बरं, ते राहू दे. तिनं जाता जाता तुले काय सांगतलं, ते तं सांग.”

लाइनमननी कप खाली ठेवला. अंगणात वेचलेल्या कापसाचे गाठोडे होते, त्याच्याकडे पाहत राहिले. “ते तवा येत होतं,” ते म्हणाले. “आता नाई येत.”

परतताना हिंगणघाटच्या स्थानकावर गाडीला उशीर होता. भाऊजींनी मला विचारले, “एक्स्चेंजमधी मी कोणाचं अर्धं वाक्य तोडलं का कधी?” मी म्हटले, मला माहीत नाही, मी तिथे नव्हतो. ते म्हणाले, “नाई तोडलं.” नंतर गाडी आली.

ग्रुपातल्या लोकांनी आपापल्या परीने प्रयत्न केले. पुलगावचे कारकून म्हणाले, अ‍ॅडमिनने एक बटण दाबले की लाइनमन आत. पण गेलेल्याला ओढून आणू नये, तो स्वतः आला तरच घ्यावा, असा बारावा नियम आहे. कोणी म्हणाले, माफीचा मजकूर लिहून त्याचा फोटो वडनेरला पाठवावा. भाऊजींनी मजकूर लिहिलाही. मी तो पाहिला आहे. आखीव कागद, निळी शाई, चार ओळी, आणि शेवटची ओळ, ‘आपले वाक्य पूर्ण व्हावे ही विनंती.’ तो त्यांनी पाठवला नाही. घडी करून पिशवीत ठेवला आणि दर रविवारी वडनेरला जाऊ लागले. पुन्हा त्यांनी कधी काही विचारले नाही, असे लाइनमनच्या सुनेने मला सांगितले. ते येत, चहा घेत आणि लाइनमनच्या मागे शेतात जात. दुसऱ्या वेचणीला त्यांनी कमरेला कापूस टाकायची ओटी बांधली. कापूस वेचायची त्यांना सवय नव्हती. बोटे बोंडाच्या काट्यांनी फाटली. दोघे शेजारच्या दोन ओळींत वेचत असत. सून म्हणाली, “बाबा शेतात बोलत नाईत. अन् काकाजीबी बोलत नाईत. शेजारची मायाबाई म्हणते, हे दोघं मुके मजूर कुठून आणले?”

इकडे ग्रुपचे वळण बिघडत गेले. सेलूच्या बाईंनी सोमवारी गुलाब टाकला, गुरुवारी दोन टाकले, शेवटी ताईला फोन करून म्हणाल्या, “माह्या फुलाले आता कोणी इचारत नाई. बिमार आहेत का?” भाऊजी सोमवारी पाठ शेकत पडलेले असत. बोरगावच्या एकाने न पाहिलेला व्हिडिओ पुढे पाठवला, त्याची परीक्षा झाली नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला नियमांचा कागद मात्र येत राहिला. जानेवारीत आलेल्या कागदावर मी नियम मोजले. सतरा होते. चौथ्याच्या पुढे, त्याच निळ्या शाईत, कंसात एक ओळ वाढली होती : ‘कोणी बोलत असल्यास थांबावे.’ नियमाला दुरुस्ती जोडण्याचा अधिकार अ‍ॅडमिनला आहे का, असे कोणीही विचारले नाही. मी विचारणार होतो. नाही विचारले.

या काळात मी त्यांना दोनदा विचारले, की एवढे हेलपाटे घालून काय होणार? पहिल्यांदा ते म्हणाले, “शेतात माणूस कमी आहे.” दुसऱ्यांदा, संक्रांतीनंतर, ओसरीवर पाय पसरून बसले होते; हातांना ताईने तेल लावले होते. म्हणाले, “ती गेली तवा मी दवाखान्यात बाहेर बाकावर होतो, साळेबुवा. आत हाच होता. बाहेर आला तं मी इचारलं नाई, काई बोलली का म्हून. मले वाटलं, सांगन त्याले वाटन तवा. साहा महिने त्यानं कोणाले सांगतलं नाई. पोराले नाई, सुनेले नाई. अन् सांगायले बसला तं मी...” हे वाक्य त्यांनी पुरे केले नाही. ताई आतून म्हणाली, “हात पुसा, दाराले तेल लागते.”

होळीच्या आधीच्या रविवारी भाऊजी नेहमीच्या गाडीने वडनेरला गेले. वेचणी संपली होती. शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, उपटायचे काम होते. ताईने डब्यात भाकरी आणि झुणका दिला होता. संध्याकाळी सहाच्या सुमारास ते परतीच्या वाटेवर असायला हवे होते. पाच वाजून चाळीस मिनिटांनी त्यांचा ताईला फोन आला. ताईने मला सांगितलेले संभाषण असे : भाऊजी म्हणाले, आज येत नाही, मुक्कामी राहतो. ताईने विचारले, “काऊन? पाठ धरली का?” भाऊजी हळू आवाजात म्हणाले, “नाई. तो बोलून राह्यला.” आणि फोन बंद झाला.

सोमवारी दुपारी दीडच्या गाडीने ते आंजीला परतले. वडनेरला काय बोलणे झाले ते त्यांनी ताईला सांगितलेले नाही, मलाही नाही. लाइनमनना मी फोन केला; ते म्हणाले, पऱ्हाट्या अर्ध्या झाल्या, अर्ध्या बाकी आहेत. ग्रुपात आज एकशे एकोणचाळीस जण आहेत.